हार घालायचा फोटो

धारूरला मी फोटोग्राफीचा क्लास लावला, तेव्हा माझ्या शेजारी पासष्टीचे एक शेतकरी बसत. धोतर, टोपी आणि गळ्यात लेकाचा जुना डिजिटल कॅमेरा. बटण दाबण्याआधी ते बोट धोतराला पुसायचे. फोटो फक्त स्वतःचेच काढायचे. टायमर लावायचा, भिंतीपुढं जाऊन बसायचं, उठून बघायचं आणि डिलीट करायचं.

शेवटी मी कारण विचारलं.

"बाई, आमचे थोरले भाऊ गेले तवा पोरांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. वळखूच येत न्हाई. मी म्हणलं, आपला आपणच काढून ठेवावा."

एडिटिंग शिकवताना सरांनी त्यांच्या सुरकुत्या घालवून दाखवल्या. ते म्हणाले, "वापस आणा. नातवंडं इचारतील, ह्यो कोण हाय?"

तीन आठवड्यांनी त्यांना एक फोटो पसंत पडला. त्यात ते तोंड भरून हसत होते. सर म्हणाले, "काका, हार घालायच्या फोटोत असं हसत नसतात."

"त्या दिवशी समदे रडतच असतेत. कुणीतरी एकानं हसावं का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले, तिचाही काढून ठेवायला. ती इरकल नेसून भिंतीपुढं बसली. त्यांनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ धरला, पण बटण काही दाबलं नाही. मग कॅमेरा माझ्या हातात देऊन ते तिच्याशेजारी जाऊन बसले.

"बाई, दोघांचा काढा," ते म्हणाले. "सादाच."