मायनं धरलेली वायर

सकाळपासून हे सोल्डरिंग स्टेशन छळतंय. तापमानाचा आकडा साडेतीनशे दाखवतं, पण टोक गार. फ्यूज बघितला, टोक बदललं, चार वेळा उठले, चार वेळा बसले. शेवटी वैतागून मुठीजवळची वायर मुरडून धरली, तर थोड्या वेळानं टोकावरच्या राळेचा धूर नाकात गेला.

त्या वासानं मला थेट वाटूरच्या घरात नेलं. जयंतीची दुपार होती. मिरवणुकीचा अँप्लिफायर ऐनवेळी बंद पडला आणि अण्णा, माझे वडील, तो घरीच उघडून बसले. त्यांच्या सोल्डरिंगची वायरही अशीच मुठीजवळ आतून तुटलेली. मुरडून धरली तरच तापायची. म्हणून ती धरून माय शेजारी उकिडवी बसलेली, मिरवणुकीसाठी नेसलेल्या पांढऱ्या साडीत.

"बराबर धर. हालू नको," अण्णा म्हणाले.

"धरून राह्यले न. तुम्ही जल्दी करा."

मी नव्या फ्रॉकात दारात उभी, एक पाय बाहेर. "मी जाऊ का? माय, जाऊ का?"

"जाय," ती मान न वळवता म्हणाली.

मी पळाले. तासाभरानं चौकात गाणी सुरू झाली आणि मी नाचले. अण्णांनी मिरवणूक कशी वाचवली, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

आता माझ्या एका हातात सोल्डरिंग आहे, दुसऱ्या हातात शिशाची तार. वायर धरायला तिसरा हात नाही, आणि ती सुटली की टोक पुन्हा गार.