चार खोल्यांचा फ्लॅट

हॉस्पिटलात त्यांना सगळे एक्स-रेवाले काका म्हणत. तळघरातल्या त्या थंड खोलीत त्यांची अख्खी नोकरी गेली. घाबरलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवायचं आणि तेवढ्यात फोटो काढून मोकळं व्हायचं, ही त्यांची हातोटी. "हसू नका हं, बरगड्या हलतात," असं ते गंभीर चेहऱ्याने म्हणत आणि कण्हणारा माणूसही हसत असे.

घरात मात्र ते कुणाला विचारत नसत. स्वतःच ठरवून मग सांगत. निवृत्ती जवळ आली तेव्हा बायकोने भाजी निवडता निवडता विषय काढला.

"तळमजल्यावर दोन खोल्या बघू या का? पुढच्या खोलीत मी शिवणाचा क्लास काढीन. उरलेले पैसे बँकेत राहतील, दुखण्याखुपण्याला होतील."

"आणि मुलं कुठे राहणार?"

"मुलांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? आपलीच तर आहेत."

फंड, ग्रॅच्युइटी, जुनं घर विकून आलेले पैसे, सगळं एकाच जागी ओतून त्यांनी तिसऱ्या मजल्यावर चार खोल्यांचा फ्लॅट घेतला. लिफ्ट नव्हती. "तेवढाच व्यायाम," ते म्हणाले. थोरल्याची एक खोली, धाकट्याची एक. मुलांची लग्नं ठरायच्या आधीच भिंतीतली कपाटंसुद्धा करून घेतली. शिलाई मशीन बाल्कनीत गेलं. क्लासचं पुढे बघू, असं ठरलं.

थोरल्याचं लग्न झालं, पण सूनबाईची नोकरी दुसऱ्या शहरात, म्हणून तो तिकडे गेला. धाकटा बोटीवर नोकरीला लागला. भांडण कुणाचंच झालं नाही. पण थोरला सुट्टीला आला तेव्हा जेवताना काकांच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठी एवढं घर केलं आणि तुम्ही पाठ फिरवलीत."

थोरल्याने घास खाली ठेवला. "बाबा, मला विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. मला खोली नको होती. आईचा क्लास निघाला असता तर जास्त आवडलं असतं."

बायको पाणी आणायला उठली.

पुढे तिचे गुडघे गेले. फोटो काकांनी स्वतःच उजेडात धरून पाहिला. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांना कळलं, सांध्यात फट उरली नव्हती. ऑपरेशनला हाताशी पैसे नव्हते. होते ते सगळे भिंतींत. मुलांनी खर्च केला, तोही विनातक्रार. पण पैशांसाठी फोन लावताना काकांनी तो दोनदा अर्ध्यातच ठेवून दिला.

फ्लॅट विकायला काढला. लिफ्ट नसलेलं घर कोण घेणार? शेवटी पडेल त्या भावात गेला आणि दोघं तळमजल्यावर भाड्याने राहायला आली. एकदा बिचकतच त्यांनी क्लासचा विषय काढला.

"आता पाय मारवत नाही हो," ती म्हणाली, "आणि सुईत दोरा ओवायलाही तुम्हालाच बोलवावं लागतं."

त्यात टोमणा नव्हता. ती कधीच काही बोलली नाही, हेच त्यांना जड जातं. भांडली असती तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. संध्याकाळी ती पुढच्या खोलीत शेजारणीशी गप्पा मारत बसते, आणि ते आतून ऐकत राहतात.