सदाभाऊंची शेगडी आणि देवीच्या वाती

सदाभाऊंना मी चिक्कू म्हणते ते तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे लिहायला माझी काही हरकत नाही. दिवेआगरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव, रस्त्यालाच त्यांची खानावळ आणि खानावळीच्या भिंतीला भिंत लावून माझी पिठाची गिरणी. त्या एका भिंतीपायी मला त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येतं. माझं त्यांना काही ऐकू येत नाही, कारण मी बोलायला लागले की गिरणी चालू ठेवते.

दिघीच्या फेरीबोटीतून उतरलेल्या गाड्या जेवणाच्या सुमाराला आमच्या गावात पोचतात. सदाभाऊ रस्त्यावर उभे राहून हात करतात, आत त्यांची बायको नूतन बांगडा तळत असते आणि पाहुणे बोटं चाटत पुढे जातात. हाताला चव तिची, फळ्यावर नाव त्यांचं. पाहुण्यांना कागदी रुमाल मधोमध फाडून अर्धा देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. वर विचारलं तर म्हणतात, "तोंड एकच हाय ना, ताय?"

तर या माणसाने गॅसच्या सिलिंडरच्या भावाला वैतागून पेलेटची शेगडी आणली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गोल डब्यासारखी असते, खाली विजेवरचा छोटा पंखा. आत लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या बारक्या कांड्या भरायच्या, तेच पेलेट. एकदा धरले की सणसणीत जाळ, धूर नावालाही नाही. पण धरायला हवेत ना! त्यांना वरून पेटवायचं असतं. वरच्या थराला आधी नीट धग लागली पाहिजे, मग हळूच पंखा. पंख्याची घाई केली की शेगडी विझते आणि आळस केला की स्वयंपाकघरात माणूस माणसाला दिसत नाही.

विकणाऱ्याने सोबत पेटवायच्या जेलची एक बाटली दिली होती. चमचाभर वर ओतायचं आणि काडी लावायची, काम झालं. ती बाटली संपली, सदाभाऊंनी दुसरीची किंमत विचारली आणि तिथेच घोडं अडलं.

"आग काय इकत घ्यायची चीज हाय व्हय?" ते माझ्या दारात येऊन ओरडले, जणू बाटली मीच विकत होते. रॉकेल तर रेशनवरून कधीच गायब झालेलं. मग त्यांनी फुकटात मिळेल ते शेगडीवर घालून बघायचा सपाटा लावला. आधी पोफळीच्या झावळीची विरी, म्हणजे तो देठाकडचा रुंद पापुद्रा. ती भपकन पेटायची आणि पेलेटला पत्ता लागायच्या आत राख व्हायची. करवंटीचे तुकडे चांगले, पण ते पेटवायलाच आणखी काहीतरी लागायचं. काजूच्या टरफलांनी असा धूर केला की जेवायला बसलेलं एक कुटुंब ताटं घेऊन अंगणात गेलं. लग्नपत्रिका हातात पडली की नवरामुलगा कुठला हे बघायच्या आधी ते कागद बोटांनी चोळून बघत, गुळगुळीत, न पेटणारा असला की तोंड वाकडं करत. शेवटी नारळाच्या सोडणावर, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालावर, गाडी थांबली. सोडण पिंजायचं, वर ठेवायचं, आणि फुंकत बसायचं. पेटत असे हळूहळू, पण धूर सगळा सदाभाऊंच्या छातीत. भिंतीपलीकडून त्यांची ढास ऐकून माझ्याच घशात खवखवायला लागे.

"अहो, आना ना ती बाटली," नूतन म्हणायची.

"खोकल्याला पैसे पडत न्हाईत," ते म्हणायचे.

नूतनबद्दल सांगायला हवं. ती माणगावकडच्या भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मासा साफ करता येत नव्हता, आता तिच्या हातच्या कालवणासाठी लोक वाट वाकडी करतात. तरी गावात तिला कोणी नूतन म्हणत नाही. सदाची बायको म्हणतात, नाहीतर खानावळवाली. घरातलं भांडंकुंडं, गल्ला, पंगतीत कोणाला किती वाढायचं ते सगळं सदाभाऊंचं. तिचं म्हणून एकच होतं, गावदेवीचा दिवा. धर्माजी गुरवांच्या बायकोचे गुडघे धरले तेव्हा तिने समईची सेवा नूतनकडे दिली. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला ती हातपाय धुऊन, लुगड्याचा पदर सारखा करून देवळात जायची. कापूस पिंजून वाती स्वतः वळायची. सणावारी गावातली झाडून सगळी बायामाणसं आपापली वात घेऊन यायची आणि म्हणायची, "नूतनताय, एवढी माझी लाव गो." देवळातून परतताना तिची चाल बघितली की मला हसू यायचं. कलेक्टरीण बाई निघाल्या म्हणून मी तिला चिडवायचे आणि ती चक्क मान उंच करायची.

दिव्यातल्या जळून उरलेल्या वाती निर्माल्याबरोबर खाडीत सोडायच्या, ही आमच्याकडची रीत. ते कामही दिवेवालीचंच.

एक दिवस भिंतीपलीकडची ढास थांबली. मला वाटलं, झाली एकदाची बाटलीची खरेदी. सकाळी चहाला गेले तर सदाभाऊ शेगडीपुढे फुलून बसलेले. पेलेटच्या ढिगावर त्यांनी बोटभर जाड, तेल पिऊन टम्म झालेली अर्धवट जळकी वात ठेवली आणि काडी लावली. वात संथ जळत राहिली, वरचा थर लालबुंद झाला, त्यांनी पंखा सुरू केला, आणि भस्सकन जाळ. ना धूर, ना फुंकणं.

"कुठली वात?" मी विचारलं.

"हाय एक सोय," ते म्हणाले आणि मला अर्धा कप चहा दिला. मी पुढे विचारलं नाही. समईच्या वातीवर काही तिचं नाव लिहिलेलं नसतं.

हे असंच चाललं असतं, पण सदाभाऊंना फुशारकी मारायची खोड. पुण्याची एक मुलगी जेवायला आली होती. जिथे जेवते तिथले व्हिडिओ करते म्हणे. तिने शेगडीचं कौतुक केलं आणि विचारलं, "काका, ही स्वस्तात कशी पेटवायची, सांगा ना." झालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी या माणसाला काटकसरीबद्दल मान देऊन विचारत होतं. त्यांनी विरीपासून सोडणापर्यंत सगळे प्रयोग साभिनय सांगितले आणि शेवटी वात कॅमेऱ्यापुढे धरली. "ही देवीच्या समयीतली. तेल देवीचं, कापूस गावाचा, आपली फकस्त काडी!" आणि मागे त्याच शेगडीच्या जाळावर तव्यात बांगडे चरचरत होते.

मुंबईला कामाला असलेल्या गावातल्या कोणीतरी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो पोरासोरांनी पाहिला, संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्यांनी. देवीपुढची वात चुलीत, आणि चुलीवर मासे! आता आमच्या देवीला आम्हीच चैत्रात कोंबडा दाखवतो, तेव्हा तिला बांगड्याचं एवढं वावडं असेल असं मला वाटत नाही. मी तसं बोललेही. पण लोकांना राग माशाचा नव्हता. आम्ही भक्तिभावाने समईत घातलेलं तेल खानावळीच्या धंद्याला लागलं, हा राग होता, आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. प्रश्न एकच होता, दिवा नूतनकडे ठेवायचा की काढून घ्यायचा. वाती खाडीत सोडायची जबाबदारी तिची, आणि त्या खानावळीत सापडल्या. ती खांबाला टेकून उभी होती. देवळाच्या दाराची चावी तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. धर्माजी गुरवांना तिच्याकडे बघवत नव्हतं. ते पुन्हापुन्हा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते.

सदाभाऊ उठले. घासाघीस करायला उठले असणार, अशी माझी खात्री होती.

"तिला कायपन ठाव न्हाय," ते म्हणाले. "ती निर्माल्याची पिशवी दारात ठेवायची, मी तिच्यातून वाती काढायचो. तिच्या चोरून. मला काय दंड करायचा त्यो करा. खानावळ बंद कर म्हनलात तर कुलूप लावतो. पन तिचा दिवा ऱ्हाऊ द्या."

दंड हा शब्द या माणसाच्या तोंडून आपणहून निघालेला ऐकून देवळाच्या कमिटीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. धर्माजींचा जीव भांड्यात पडला. "मंग नूतनची कायच चूक न्हाय," ते घाईघाईने म्हणाले. "सदानं देवीच्या पाया पडावं, वर्सभर तेल घालावं, नि विषय मिटला." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणालाच तिला काढायचं नव्हतं, हे तेव्हा कळलं. लोक गुडघ्यांवर हात ठेवून उठायलाही लागले होते.

"थांबा," नूतन म्हणाली. "ह्ये खोटं बोलतायत. वाती मीच दिल्या."

मी तिला गप्प बस म्हणून खूण केली. तिने बघितलंही नाही.

"सोडनाच्या धुरानं ह्यांना ढास लागायची. जीव घाबरा व्हायचा. मी वाती खाडीवर न्यायला निघाले नि मनात आलं, चिखलात कुजन्यापरीस ह्यांचा खोकला तरी थांबंल. मीच ह्यांच्या हातात दिल्या. मला त्यात पाप वाटलं न्हाय. आजपन वाटत न्हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, देवीला कौल लावू, ती सांगेल काय ते.

"तिला कशाला इचारता? मी सांगत्ये ना," नूतन म्हणाली. "पन ह्यांच्या नावावर खोटं खपवून मी तिच्यापुढं दिवा लावनार न्हाय."

तिने चावी पायरीवर ठेवली. धर्माजी म्हणाले, "पोरी, गप ऱ्हायली असतीस तर काय बिघडलं असतं?" मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. सगळं हातात आलं होतं, तिने नुसतं उभं राहायचं होतं. आणि त्याच वेळी या बाईच्या शेजारी आपण राहतो म्हणून मला इतकं भरून आलं की मी भिंतीकडे तोंड केलं. काही दिवस धर्माजींची सून कल्पिता दिवा लावेल असं ठरलं. काही दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी नूतनने नेहमीच्या वेळेला हातपाय धुतले, कुंकू लावलं, पदर सारखा केला आणि मग ती मागच्या दारात नुसतीच उभी राहिली. तिला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. देवळातली घंटा वाजली तेव्हा ती आत गेली. मी गिरणी बंद केली होती, तरी भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. असं रोज चाललं. सदाभाऊ पुन्हा सोडणं फुंकायला लागले आणि खोकायलाही. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण मीठ आण, पाणी दे, एवढंच.

मग एका सकाळी सदाभाऊ खानावळ उघडी टाकून बोर्लीच्या बाजाराला गेले. संध्याकाळी मी दळणाचे पैसे मागायला म्हणून गेले, खरं तर बघायलाच गेले. शेगडी नेहमीच्या कोपऱ्यातून काढून त्यांनी मधोमध मांडली होती. सभोवार जमीन पुसलेली. पेलेट भरलेले. शेजारी पितळेची वाटी आणि वाटीत तिळाचं तेल, कोरं, नुकतं बाटली फोडून ओतलेलं. त्या घरात तिळाचं तेल याआधी कधी आल्याचं मला आठवत नाही. ते स्वतः मांडी घालून कापसाची वात वळत बसले होते. जाडजूड, गाठाळ, मधेच कुठेतरी पातळ झालेली वात.

नूतन हातपाय धुऊन मागच्या दाराकडे निघाली होती. ती थबकली.

"ह्ये काय मांडलंय? एवढ्या तेलाच्या पैशात जेलची बाटली आली असती."

"आली असती," सदाभाऊ म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? दिवा लावायची येळ झाली. लाव."

ती मागच्या दाराकडून वळली. मग खाली बसली. त्यांच्या हातातली वात घेऊन तिने पुरती उसवली, कापूस मोकळा केला, आणि तळहातावर पुन्हा सरळ, सारखी वळली. तेलात बुडवली, निथळू दिली, पेलेटच्या मधोमध ठेवली आणि काडी ओढली. वात धरली. नूतनने नेहमीच्या सवयीने डोळे मिटून हात जोडले.

सदाभाऊंनी पायातल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या.