ती सण करायला आली नव्हती

माझ्या शेजारणीबद्दल आपल्या लोकांत दोन वर्षं जे बोललं जातं ते खोटं आहे. ते मी पसरवलं. इतरांनी त्यात भर घातली असेल, पण सुरुवात माझी.

मला ती आवडत नव्हती. आजही फारशी आवडत नाही. टोरोंटोजवळच्या वॉनमधलं आमचं घर आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत. तिच्याकडे कांदा तळला की वास आमच्या जिन्यात. ती इराणची, विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देणारी. मी फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत असलो की खिडकीतून खुणा करायची, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. चाळीस वर्षं हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात काढलेल्या इंजिनियरला!

मार्चमध्ये तर तिचा धुमाकूळ असे. नवरोजच्या आधी त्यांच्यात अख्खं घर घासूनपुसून काढतात. बाहेर बर्फ असला तरी हिचे गालिचे आमच्या सामायिक कुंपणावर. मग बशीत गहू पेरायचे, टेबल मांडायचं, त्यावर फारसीत एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू, लसूण, सफरचंद, व्हिनेगर असलं काहीतरी. आपला पाडवा निदान सकाळी येतो. यांचं वर्ष सूर्याच्या गणिताने कधी पहाटे, कधी भर दुपारी, मिनिट-सेकंद धरून येणार, आणि त्या क्षणी सगळे टेबलाभोवती बसलेले हवेत. माझी बायको दर वर्षी तिथे जाऊन बसायची.

"तुला काय कळतं त्यातलं?" मी विचारायचो.

"घटाचं धान कळतं," ती म्हणायची. "ती गहू फार दाट पेरते. मी तिला सांगितलंय. तुम्ही चला की एकदा."

मी गेलो नाही. दोघींना धड इंग्रजी येत नव्हतं, तरी भिंतीपलीकडून माझ्या बायकोचं हसणं ऐकू यायचं. माझ्यासमोर ती तशी हसत नसे. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये तिने दोनदा शेजारणीला बोलवायला सांगितलं. पहिल्यांदा मी बोलावलं. दुसऱ्यांदा "फोन लागत नाही" म्हणालो. फोन मी लावलाच नव्हता.

बायको जानेवारीत गेली.

नवरोजच्या तीन दिवस आधी मी ड्राइव्हवेवर असताना शेजारीण बाहेर आली. तिच्या तुटक इंग्रजीत, पण नीट समजावून, तिने मला सांगितलं: त्यांच्यात घरातलं कुणी गेलं की पुढच्या पहिल्या नवरोजला नातेवाईक आणि स्नेही आपला सण बाजूला ठेवून आधी त्या घरी जातात. काळे कपडे घालून जातात, थोडा वेळ बसतात, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणतात. निघताना त्यांच्यातलं वडीलधारं माणूस घरच्यांना एखादा रंगीत कपडा देतं. त्याचा अर्थ, आता दुखवट्याचे कपडे उतरवा. "तुझ्या बायकोला इथे बहीण नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मी येईन. चालेल?"

मी म्हटलं, "या."

मला सगळं समजलं होतं. पुन्हा लिहितो, समजलं होतं. इतकंच नाही, कुणीतरी येणार म्हणून मला बरंही वाटलं होतं.

ते सहा जण आले. ती, तिची मुलगी, जावई आणि आमच्याच गल्लीतले तिघे, बायकोला ओळखणारे. सगळे काळ्या कपड्यांत. पांढरी फुलं, खजूर, काळपट रंगाचा हलवा. एक म्हातारे गृहस्थ हळू आवाजात काही म्हणत होते. मग शेजारणीने एक कागदी पुडकं माझ्या हातात दिलं. मी उघडलं. आत फिकट निळा शर्ट होता. माझ्या अंगात दोन महिने एकच राखाडी स्वेटर होता.

तेवढ्यात दार वाजलं. माझा जुना मित्र, निवृत्त डॉक्टर, आणि त्याची बायको डबा घेऊन आले होते. वहिनी दारातच थबकल्या.

"अगंबाई! भाऊजी, हे काय? आज यांचं न्यू इयर ना? आमच्या ऑफिसातल्या इराणी मुली सुट्टीवर आहेत."

मित्र माझ्या हातातल्या शर्टाकडे बघत म्हणाला, "वा! दोन महिन्यांत सण सुरू? शर्टबिर्ट?"

तो थट्टेतच म्हणाला असेल. पण आपल्यात वर्षभर सण करत नाहीत. आमच्या दारात त्या वर्षी गुढी उभी राहणार नव्हती. आणि माझ्या हॉलमध्ये फुलं, गोड पदार्थ, हातात नवा कपडा. मला लाज वाटली. एका वाक्यात समजावून सांगता आलं असतं. त्याऐवजी मी शेजारणीवर ओरडलो. इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं.

"माझी बायको मेली आहे आणि तुम्ही माझ्या घरात नवीन वर्ष साजरं करता? चालते व्हा!"

तिला आधी वाटलं, मी विसरलो. ती शांतपणे म्हणाली, "पण मी तुला सांगितलं होतं."

"तू मला काहीही सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

तिची मुलगी तिच्याशी फारसीत काहीतरी तावातावाने बोलली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बूट घातले, त्यांना लेस बांधायला वेळ लागला. हलवा टेबलावर राहिला. तो मी कचऱ्यात टाकला आणि शर्ट दुसऱ्या दिवशी जुने कपडे दान करायच्या पेटीत.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "काय बाई तरी! आणि शर्ट कशाला आणला असेल?"

मी म्हणालो, "मी काय सांगू? बाई एकटी, मी एकटा." आणि हसलो.

एवढंच. बाकीचं आपोआप झालं.

ती तिच्या बेसमेंटमध्ये मुलं सांभाळायची. त्यांत तीन आपली होती, पुण्या-नागपूरहून आलेल्या आयटीतल्या मुलींची. मुलं तिला खाले म्हणायची, म्हणजे मावशी. महिन्याभरात तिन्ही मुलं यायची बंद झाली. कुणी सांगितलं डे-केअर घराजवळ मिळालं, कुणी सांगितलं आजी येणार आहे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं जायचं, तेही थांबलं. मराठी मंडळात ती आता "शर्टवाली" होती. मी ते ऐकलं आहे. एकदा हसलोही आहे.

यंदा फेब्रुवारीत तिच्या अंगणात विक्रीची पाटी लागली. ती मुलीकडे राहायला जाणार आहे. मी दोन दिवस पाटी बघितली आणि तिसऱ्या दिवशी तिचं दार वाजवलं. तिने मला आत घेतलं नाही. मी सगळं बोललो. तू सांगितलं होतंस, मला कळलं होतं, मी खोटं बोललो.

"हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "मी काय केलं ते मला माहीत आहे. त्यांना सांग." आणि दार लावलं. बरोबर केलं.

पाडव्याच्या जेवणाला मी मित्राच्या टेबलावर बसून सांगितलं.

"अरे सोड ना आता," तो म्हणाला. "कोण लक्षात ठेवतंय?"

"भाऊजी, तुम्ही फार साधे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला आता वाईट वाटतंय म्हणून. पण शर्ट आणलाच होता ना? श्रीखंड घ्या."

मी कपड्याची पद्धत समजावली. त्या मान हलवत राहिल्या आणि पुऱ्या वाढत राहिल्या. शेजारी त्या तीन मुलांपैकी एकाची आई बसली होती. ती एकदम म्हणाली, "काका, माझा मुलगा सहा महिने खालेसाठी रडत होता. आम्ही तुमच्या शब्दावर गेलो. आय मीन, तुम्ही असं कसं करू शकता?"

वहिनींनी तिला गप्प केलं, "अगं, वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का?" बोलतात. ती एकटीच त्या टेबलावर नीट बोलली.

हे मी मंडळाच्या अंकाला दिलं, तेव्हा संपादक म्हणाले, चांगलं आहे, फक्त शर्टाचा भाग गाळूया, बायका वाचतात. मी म्हटलं, बायकांनी वाचावं म्हणूनच लिहिलं आहे. तो भाग गाळायचा तर छापू नका. छापणार आहेत.

तेव्हा ज्यांनी ऐकलं असेल त्यांच्यासाठी पुन्हा: ती विचारून आली होती. मी या म्हटलं होतं. ती माझ्या बायकोच्या बहिणीच्या जागी बसायला आली होती.

तिचं घर अजून विकलं गेलेलं नाही. आमच्या दोन घरांपैकी पाटी असलेलं तिचं. खालेला भेटायला मुलांना घेऊन या. माझ्याकडे थांबायची गरज नाही.