अवयव कोणाचे पाडायचे?

वणीत खिडकीवर कोळशाची धूळ साचते, तसे आमच्या क्लासात किस्से साचतात. आज पुसले तरी उद्या नवे. मी तिथे नववीला बीजगणित शिकवते. क्लास मोठ्या सरांचा. त्यांचं मत एकच, "मॅडम, समजावता कायले? पाठ करून घ्या." शेवटी त्यांनी बजावलं, शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. पोट्टे अडखळले, तर ही बॅच तुमच्याकडून काढून मी घेतो.

*

सोमवारी मी सुरुवात केली, "समजा, x..."

मागून प्रज्वल म्हणाला, "नाही समजलं."

"अरे, अजून काही सांगितलंच नाही."

"मंग समजा कायले म्हणता?"

मी शब्द बदलला. "बरं, x मानू."

"मी नाही मानत, मॅडम."

*

फळ्यावर x वर्ग अधिक पाच x अधिक सहा लिहिलं आणि म्हटलं, अवयव पाडा. पहिल्या बाकावर सना बसते, खालच्या गॅरेजवाल्या मेकॅनिकची पोरगी. तिचा चेहराच उतरला. आधीचा तास विज्ञानाचा होता, हृदय आणि यकृताचा.

"पाडले तर मरंल न तो?"

"परत गुणले की जिवंत होतो," मी वैतागून म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

*

"सामाईक पद कंसाबाहेर काढा," मी सांगितलं. प्रज्वल पेन खाली ठेवून बसला.

"सामाईक बाहेर नाही निघत, मॅडम. आमची विहीर सामाईक आहे काकासोबत. कोर्टात चालू आहे."

*

रस्त्यावरून ट्रक गेला की माझं 'वजा' ऐकू येत नाही. अर्धी बॅच 'अधिक' लिहिते. वह्या तपासताना मलाच कळेना, चूक पोरांची की ट्रकची.

मोठे सर म्हणाले, "ट्रक आमच्या वेळीही होते. मी वजा जोरात म्हणत होतो."

"मग अधिक हळू म्हणत होता का, सर?"



*

शनिवारी सर मागच्या बाकावर बसले, पण बसवेना. उठून फळ्याशी आले, a वर्ग वजा b वर्ग लिहिलं आणि नेमकं सनाला उभं केलं. "पाड अवयव."



"a अधिक b कंसात, गुणिले a वजा b कंसात," सना म्हणाली.

"पाहा मॅडम. पाठ केलं की येते."

सना खाली बसली नाही. "सर, मी याले परत जिवंत करून पाह्यलं. गुणलं तर मधात ab येते. ते कुठं गेलं?"

"कटलं."

"काहून?"

"एक अधिक, एक वजा. कटलं."

"म्हणजे आता नाही?"

"नाही."

"मंग आलतं कोठून? गणितात तर नव्हतं."

सरांनी खडू उचलला. परत ठेवला. खालून एक ट्रक गेला, तेवढा वेळ त्यांना मिळाला.

"पोरी, तू मॅडमच्या बॅचची न?"

"हो, सर."

"मंग तिथंच राह्य," सर म्हणाले आणि चपला शोधू लागले.