"तिचा राग नाही, असं म्हण"

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही तिकडच्या जपानी भुतांविषयी सांगत होतात. अन्याय सोसून मेलेली माणसं सूड घ्यायला परत येतात, आणि घाबरलेले लोक त्यांची देवळं बांधतात. मग तुम्ही विचारलंत, "आजी, लाइन गेली का?" लाइन गेली नव्हती. म्हणून लिहिते आहे.

आम्ही गोव्यात मयेला भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणारे मुंडकार. माझी थोरली बहीण बाळंतपणाला घरी आली होती. भर दुपारी अडली. भाटकाराची मोटार त्याच्या अंगणात उभी. बाबा हात जोडून, मी त्यांच्यामागे. भाटकारीण म्हणाली, "सीट घाण जातली रे. खुर्चीर घालून व्हर."

डिचोलीच्या इस्पितळाच्या वाटेवर, त्या खुर्चीतच ती गेली. पोटातलं बाळही.

मग तीच माणसं तिला भ्यायली. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते, असं गाव मानतं. भाटकाराच्या उंबऱ्यात खिळे ठोकायचे ठरले. ठोकले कोणी? बाबांनी. नंतर तिचा राग शांत व्हावा म्हणून नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं. ते घालणाऱ्या म्हाताऱ्याने मला पुढे ओढलं. रक्ताच्या माणसाने म्हणावं लागतं.

"म्हण गो चेडवा, तिचो राग नाय."

"आसा," मी म्हणाले. "तिचो राग आसा."

बाबांनी सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. मारताना रडत होते. भाटकारीण त्यांना म्हणाली, "चेडवाक शाळेत धाडलंस मा? भोग आता."

पुढे कितीतरी दिवस मी मागच्या दाराची कडी काढून ठेवायची. ती यावी. केस सोडून, उलट्या पायांनी, कशीही. त्या घरावर जावी. आली नाही. त्या घरात लग्नं झाली, बारशी झाली. मेलेलं कोणी परत येत नाही. हे कळलं त्या दिवशी मी तिच्या मरणाहून जास्त रडले.

आता भाटकाराचा नातू जमीन विकतो आहे. घेणारा अळवंतिणीला भितो. गेल्या आठवड्यात नातू मिठाई घेऊन आला.

"टीचर, गाऱ्हाण्याला उभ्या राहा. एकच वाक्य."

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तेव्हा मात्र बोलीच तोंडात आली. "आधी तू गावासमोर उभो रव. मोटार आसली, दिली नाय, म्हण."

"मेलेल्यांचं आता कशाला, टीचर?"

मिठाई परत दिली. तो पुन्हा येईल. माझ्यानंतर तुमच्याकडे येईल, कारण रक्ताचे तुम्हीही आहात. ते वाक्य मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

त्या दुपारी त्या अंगणात उभ्या असलेल्यांपैकी आता फक्त मी जिवंत आहे.