काकांची मेथी

आमच्या शेजारच्या काकांना हळू बोलता येत नाही. परसात मेथी खुडतानाही ते तिच्यावर ओरडतात. परवा माझी बायको गारगोटीला माहेरी गेल्याचं कळताच ते ताजी मेथी घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आले.

"पाणी घालू नका की! लसूण ठेचा, चिरू नका!"

शेवटी उलथनं त्यांनीच हिसकावलं आणि भाजी झाल्यावर माझ्याआधी तेच भाकरी घेऊन बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंनी त्यांना जेवायला हाक मारली.

काका चक्क कुजबुजले, "भूक न्हाय म्हणून सांगा. ती मेथीत साखर घालतीया. लग्न झाल्यापासनं झकास म्हणत आलोय, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी निरोप ओरडून सांगितला.

"असू दे," काकू म्हणाल्या, "त्यांची मेथी सकाळी न्याहारीला ठेवते!"

काकांनी मुकाट्यानं आणखी एक भाकरी घेतली.